हाताला येणारे मासे

बेबीचं डोकं सकाळपासूनच फिरलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या बाईला अख्खी प्रयोगशाळा 'बेबीताई' म्हणते, याचा राग तिला रोजच थोडाथोडा यायचा. पण आजचा राग माशांवर होता.

काम तसं सरळ होतं. शहराच्या खालच्या अंगाला औषधांच्या कारखान्याचं सांडपाणी नदीला मिळतं. तिथले मासे तपासायचे आणि शहराच्या वरच्या, स्वच्छ पाण्यातले मासे त्यांच्याशी ताडून पाहायचे. खालच्या माशांत नाना तऱ्हेची औषधं निघाली. पाण्यात ती नावापुरतीच असतात, पण माशाच्या यकृतात, मेंदूत साठत जातात. थेंबे थेंबे तळे साचे, दुसरं काय! त्याचं तिला नवल नव्हतं. पण वरच्या माशांनी घोळ घातला. त्यांच्यात कारखान्याचं एकही औषध नव्हतं आणि एक भलतंच होतं, मन शांत करायची गोळी. तीही रगड!

"काचसामान नीट धुतलं नसेल," साहेब म्हणाले.

बेबीने दात-ओठ खात सगळं परत धुतलं. परत यकृतं वाटली, परत यंत्रात घातली. यंत्राचं आपलं पहिले पाढे पंचावन्न.

"अहो, तुमचे स्वच्छ मासेच असे निघाले तर कारखानेवाले आपल्याला नाचवतील," साहेब वैतागले. "म्हणतील, नदीतच औषध आहे, आमच्या नावाने कशाला खडे फोडता? आणलेत तरी कुठून हे?"

"वरून," बेबी म्हणाली आणि गप्प बसली. कारण 'वरून' म्हणजे तिच्या बाबांच्या घरामागून. तिथे नदीचा एक फाटा वळून एका लहानशा डोहात शिरतो आणि उन्हाळ्यात जागच्या जागी उभा राहतो. तिथले मासे पकडायला जाळंसुद्धा लागत नाही. हात घातला की येतात. बेबीने बादली भरली होती आणि बाबा कौतुकाने म्हणाले होते, "माझे मासे शहरात शिकायला निघाले!"

मग तिने त्या डोहाचं पाणीच मागवलं. माणसाने घेतलेली गोळी शरीरातून बाहेर पडते तेव्हा बरीचशी रूप बदललेली असते, तिच्या खुणा पाण्यात राहतात. इथे तसली एकही खूण नव्हती. गोळी कुणाच्याही पोटात न जाता थेट पाण्यात पडत होती. आणि त्या आडबाजूला ही गोळी कोणाला आहे, हे बेबीला यंत्राने सांगायची गरज नव्हती. दर महिन्याला पाकिटं तीच तर नेऊन देत होती! तिच्या डोक्यात तिडीक गेली. तशीच पर्स उचलून ती निघाली.

बाबा मागच्या पायरीवर पाण्यात पाय सोडून बसले होते.

"बाबा, गोळी घेता ना?"

"घेतो की. रिकामी पाकिटं दाखवू?"

"पाकिटांचं काय करू, लोणचं घालू? गोळी कुठे जाते ते सांगा."

बाबांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग पायांकडे. "केरात टाकली तर तुला दिसते. पाण्यात कशी, विरघळून जाते बिचारी."

"बिचारी! अहो, ती माशांच्या अंगात साठते!"

"मग चांगलंय की. कुणाला तरी शांत झोप लागतेय."

बेबीने कपाळावर हात मारला. "थट्टा सुचतेय तुम्हाला! आई गेली तेव्हा काय दशा झाली होती, आठवतं? खिडक्या लावून अंधारात बसायचात. ताट तसंच्या तसं परत यायचं. या गोळीने तुम्हाला माणसांत आणलं. परत तसे बसलात तर मी काय करू? सांगा ना, मी काय करू?"

तिचा आवाज फाटला. 

"बेबी, गोळी घेतली की तुझी आई आठवते, पण रडू येत नाही," ते म्हणाले. "बायको आठवून डोळे कोरडे. लाज वाटायची गं मला. आणि आता कशाला हवी गोळी? हे बघ."

त्यांनी पाण्यात हात घातला. मासे आले. एक तर सरळ तळव्यात शिरून बसला.

"आधी सावली पडली तरी पळायचे. या उन्हाळ्यात असे यायला लागले. ओळखतात मला. यांच्यासाठी तर सकाळी उठतो मी."

बेबी बघतच राहिली. प्रयोगशाळेच्या टाकीत तिने हेच पाहिलं होतं. ही गोळी अंगात भिनली की माशाची भीती मरते. गप्प बसावं, असं तिला वाटलं. बसली असती, तर उद्या सकाळी आणखी एक गोळी पाण्यात गेली असती. तिला बाबांचा राग आला, गोळीचा आला, आणि हे आपल्यालाच सांगावं लागतंय याचा सगळ्यात जास्त आला.

"बाबा, ते तुम्हाला ओळखत नाहीत. गोळीने त्यांची भीती गेलीये. बगळा आला तरी असेच जातील."

"जातात," बाबा हळूच म्हणाले. "बगळ्याच्या पायाशी जाऊन उभे राहतात. मला वाटलं, म्हातारे झाले असतील."

मग त्यांनी ओल्या हाताने खिशातून पाकीट काढलं, गोळी दाबून तोंडात टाकली आणि पाण्याशिवायच गिळली. तोंड उघडून, जीभ उचलून तिला दाखवलं.

"घेतली बघ. आता मीही कुणाच्याही हाताला येईन."

बेबी त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. चपलांसकट पाय पाण्यात गेले, तेही तिला कळलं नाही.

"उद्या डॉक्टरांकडे जाऊ," ती म्हणाली. "गोळी बदलून मागू. रडू येईल अशी द्या म्हणून सांगू."

बाबांनी मान डोलावली. पाण्यात तिच्या पायांपाशी मासे जमू लागले होते.