व्यंकटराव सरांची मिरची

माझी जीभ तिखट आहे हे अख्ख्या अहमदपूरला ठाऊक आहे. तीस वर्षं इंग्रजी शिकवतेय, त्यातली निम्मी ओरडण्यात गेली. पण परवा मी ओरडलेही नाही आणि एक पोरगी शाळा सोडून घरी बसली.

सातवीला विशेषणं शिकवत होते. पोरं जांभया द्यायला लागली म्हणून तिघींना भिंतीला उभं केलं. शॉर्ट, शॉर्टर आणि शेवटी लायबा, शॉर्टेस्ट. वर्ग खिदळला. मीही हसले, खोटं कशाला बोलू. मधल्या सुट्टीपर्यंत तिचं नावच 'शॉर्टेस्ट' पडलं. दुसऱ्या दिवसापासून लायबा आली नाही.

पाचव्या दिवशी तिच्या घरी गेले. तिची आई नाजिया दारातच म्हणाली, "मॅडम, लई समजावलं. न्हाईच म्हणून राहिली. तिचे अब्बा म्हणतात, बसू दे घरी, शिलाई शिकेल."

लायबा पडद्याआडून बघत होती. "उद्या एक दिवस ये," मी तिला म्हणाले. "मन रमलं नाही तर परत बोलावणार नाही."

घरी येऊन फोडणी टाकली, मिरचीचा ठसका लागला आणि व्यंकटराव सर आठवले.

देगलूरच्या शाळेत ते आम्हाला इंग्रजी शिकवायचे. मूळचे धर्माबादचे. चिडले की तेलुगूत पुटपुटायचे. त्यांचा एक तास मी आजवर शंभर वेळा रंगवून सांगितलाय. टेबलावर रुमाल पसरून सरांनी तीन वाळलेल्या मिरच्या मांडल्या. हॉट, हॉटर, हॉटेस्ट. "ही एवढुशी, म्हणजे सगळ्यांत कमी तिखट," म्हणत त्यांनी चक्क लवंगी मिरची उचलली आणि कचकन चावली. मग काय, सर लालबुंद, "अय्यो, अय्यो" करत वर्गभर फिरले. माझ्या शेजारची वहिदा पळत जाऊन माठातलं पाणी घेऊन आली. पुढे वर्षभर आम्ही त्यांना 'लवंगी सर' म्हणायचो. फार सुखाचे दिवस होते ते.

पण त्या संध्याकाळी कढईसमोर उभी असताना त्याच्या आधीचं आठवलं. मिरचीच्या तासापूर्वी चार दिवस वहिदा शाळेत आली नव्हती. सरांनी आम्हाला दाराच्या चौकटीशी उभं केलं होतं. थिन, थिनर, आणि वहिदा. आम्ही तिला 'काडी' म्हणायला लागलो होतो. त्या तासानंतर ते नाव कुणाच्या तोंडी राहिलंच नाही. हसायला सर होते ना.

आणि सरांच्या वडिलांचा धर्माबादला मिरचीचाच धंदा होता. तो माणूस लवंगी ओळखायला चुकेल?

गॅस बंद करून मी तिथंच खाली बसले. चाळीस वर्षं मी त्यांच्यावर हसत होते. सर जाऊनही आता बारा वर्षं झाली, सांगायचं तरी कुणाला? रडू आलं, ते आवरलं नाही.

दुसऱ्या दिवशी लायबा आली. शेवटच्या बाकावर बसली, मान खाली. मी टेबलावर रुमाल पसरला, तीन मिरच्या मांडल्या. "ही सगळ्यांत लहान, म्हणजे हीच कमी तिखट," म्हणत लवंगी तोंडात टाकली.

सरांनी ते कसं सोसलं कोण जाणे. कान तापले, नाक वाहायला लागलं, पदर तोंडाशी धरून मी खुर्चीभोवती नाचले. पोरं बाकांवर हात आपटून हसत होती. डोळे पुसून पाहिलं तर पुढ्यात लायबा, हातात स्वतःची पाण्याची बाटली. हसू दाबून तिचे गाल फुगले होते.

"मॅडम, लवंगी हाय ती. तुम्हाला एवढं पण ओळखता येत न्हाई का?"

घरात तीस वर्षं मी त्याच मिरचीचा ठेचा करते.

"न्हाई ना गं," मी म्हणाले. "उद्या येऊन शिकवशील?"

"हाव," लायबा म्हणाली आणि पहिल्या बाकावर जाऊन बसली.