त्या छातीवर मी पुन्हा टेकलो

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. माझे रबर तडकले आहे आणि ऐकून ऐकून मी थकलो आहे.

माझी उमेदीची वर्षे सोन्याच्या खाणीवरच्या दवाखान्यात गेली. लेसोथो या डोंगराळ देशातून आलेले गडी पहाटेपासून उघड्या अंगाने रांगेत उभे राहत. दर छातीवर मी दोन ठोक्यांपुरता टेकायचो, की शिक्का बसे: 'कामास योग्य'. शिक्का नाही तर खाण नाही, आणि खाण नाही तर घरी चूल नाही. म्हणून गडी दाराबाहेरच खोकून घेत. "काय ते आत्ताच खोक बाबा, आत गेलास की बैल हो," असे एकमेकांना डिवचत. सकाळीच तीनशे छात्या उरकल्या म्हणून डॉक्टर मला प्रेमाने पुसत. मलाही तेव्हा अभिमान वाटे.

ते निवृत्त झाले आणि मी खणात धूळ खात पडलो. पुढे डॉ. मोखेले या तरुण बाईंनी मला लेसोथोतल्या डोंगरावरच्या दवाखान्यात आणले. तिथे त्याच छात्या माझ्याकडे परत आल्या, भरपाईचे अर्ज घेऊन. खडकाची धूळ फुप्फुसात बसलेली एक्स-रेच्या फोटोत दिसे; पण माणूस किती निकामी झाला, हे डॉक्टरने लिहायचे. त्या मतावरच सारे अडलेले.

एकदा म्हातारे सेआबाता आले. ठेवणीतली घोंगडी पांघरलेली, छाती फुगवलेली.

"न्ताते, दम लागतो का?" वडिलांना मारतात तशी हाक मारून बाईंनी विचारले.

"छे, डॉक्टरबाई. ठणठणीत आहे."

बाई तेच लिहू लागल्या. त्यांच्या गळ्यात लटकूनही मला म्हाताऱ्याच्या छातीतली चिरचिर ऐकू येत होती. पण मला कुठे बोलता येते?

त्यांची बायको मालिनेओ पुढे सरकली. "अहो, ही खाणीची रांग नाही. एकवीस वर्षं डॉक्टरांना फसवलंत, आता तरी खरं बोला. बाई, हा ठणठणीत गडी रात्रभर भिंतीला टेकून बसलेला असतो."

"तू गप गं. परक्यापुढे काय रडायचं?"

"रडू नका," बाई म्हणाल्या. "फाटकापर्यंत चालून या फक्त."

अर्ध्या वाटेत ते दगडावर बसले. बाई शेजारी बसल्या, मला त्यांच्या छातीवर ठेवून बराच वेळ थांबल्या. सेआबाता खाली बघत होते. मग हळूच म्हणाले, "दमलो, पोरी."

बाईंनी आधीची ओळ खोडली आणि तो शब्द जसाच्या तसा लिहिला. भरपाई ठरवणाऱ्या मंडळाचे उत्तर अजून आलेले नाही.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालात, तर एवढे करा. ज्याला दुखणे लपवायची सवय लागली आहे, त्याच्या छातीवर मला घाईने टेकवू नका. त्याच्या तोंडून खरे निघेपर्यंत जवळ बसा.