पाठमोरी खुर्ची

आईनं घडीची खुर्ची उघडली, तिचे पाय गवतात नीट रोवले आणि मैदानाकडे पाठ करून बसली. तिच्यासमोर आता फक्त पार्किंग लॉट होता.

"आई, प्लीज. लोक बघतायत," रुही म्हणाली.

"बघू देत. फायनल आहे. मला रिस्क घ्यायची नाही."

बाबांना या आयरिश फुटबॉलचं वेड लावलं ते ऑफिसातल्या एका मित्रानं. शिकागोत आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात तो त्यांना लेकसाइड नावाच्या संघाची मॅच बघायला घेऊन गेला. चेंडू हातानं धरायचा, पायानं मारायचा. आडव्या दांडीवरून गेला की एक गुण, खाली जाळ्यात गेला की तीन. लेकसाइड सपाटून हरलं आणि हरून झाल्यावर पोरं गवतात बसून मजेत सँडविचं खाऊ लागली. बाबांना ती तिथंच आवडली. त्यानंतर उन्हाळ्यातला प्रत्येक रविवार बाबांचा मैदानावर जायचा, आणि लेकसाइड दरवर्षी तळाशी असायचं.

आई दोनदाच आली होती. पहिल्या खेपेला गोलकीपरचं बोट मोडलं. दुसऱ्या खेपेला संघानं असा मार खाल्ला की गाडीत बसता बसता बाबांनी जाहीर केलं, बायको पांढऱ्या पायाची आहे, हिला मैदानावर बंदी. तेव्हापासून शनिवारी आईनं आलेपाक करायचा आणि हाफटाइमला बाबांनी त्या वड्या खेळाडूंना वाटायच्या, एवढंच तिच्याकडे राहिलं. हरून आले की बाबा दारातूनच विचारत, "आज खिडकीतून दक्षिणेकडे, मैदानाच्या दिशेनं बघितलंस ना?" आई म्हणे, "हो, मुद्दाम."

मार्चमध्ये बाबा गेले. त्यानंतर घरात 'पांढऱ्या पायाची' हा शब्द कुणी काढला नाही. एकदा रुहीच्या ओठांवर आला होता, तो तिनं गिळला. नवरा गेलेल्या बाईसमोर त्यातली गंमत उरली नव्हती. आणि नेमकं याच वर्षी लेकसाइड फायनलला पोचलं. रुही त्यासाठी जर्सी सिटीहून आली, आठवडाभर आईच्या मागे लागली. अखेर आई तयार झाली, पण या खुर्चीच्या अटीवर. रुहीला हा कप बाबांसाठी हवा होता. किती हवा होता, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"कोण पुढे आहे?" आईनं गाड्यांकडे बघत विचारलं.

"ते. दोन पॉइंट्सनी."

"दोनच? मग बरं चाललंय."

हाफटाइमला रुही डबा घेऊन गेली. कॅप्टन शेननं नेहमीसारख्या दोन वड्या उचलल्या, एक तोंडात टाकली, एक मोज्यात खोचली. मग तिच्या खांद्यावर थोपटलं.

दुसऱ्या हाफमध्ये लेकसाइड खेळलं ते कधी खेळलं नव्हतं तसं. एकेक गुण करत बरोबरीला आलं. शेवटच्या मिनिटात शेननं लांबून मारलेला चेंडू दांडीवरून गेला आणि संघ एका गुणानं पुढे झाला. सगळं मैदान उठलं. रुही काय ओरडत होती तिचं तिलाही कळत नव्हतं. तेवढ्यात समोरच्यांनी उंच चेंडू टाकला, गोलपुढे झुंबड उडाली आणि जाळं हललं. पाठोपाठ शिट्टी झाली. दोन गुणांनी हार.

रुही वळली. आईची खुर्ची मैदानाकडे तोंड करून होती. आईनं तोंडावर हात घट्ट धरला होता आणि तिचे खांदे हलत होते. रुही तिच्यापुढे गवतात बसली.

"आई, नाही गं. इट्स नॉट बिकॉज ऑफ यू."

आईनं हात काढला. डोळे वाहत होते, पण ती हसत होती. मार्चनंतर पहिल्यांदाच.

"गप्प बस. माझ्यामुळेच. तुम्ही सगळे ओरडलात म्हणून वळले, एकच मिनिट, आणि गेला की गं आत." तिला पुढचं धड बोलता येईना. "पांढऱ्या पायाची ती पांढऱ्या पायाचीच. आज यांनी मला गाडीत घेतलं नसतं."

रुहीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिलाही हसू आवरेना.

मैदान रिकामं होत गेलं. रुही खुर्ची मिटायला गेली, तर आईनं हात धरला.

"राहू दे. हरून झालंय, आता बघायला काय हरकत आहे?" आणि जरा वेळानं, "हे कुठे उभे राहायचे?"

रुहीनं बोट केलं. डावीकडच्या गोलच्या मागे, कुंपणाशी.

आई उठली, खुर्ची थोडी डावीकडे वळवली आणि पुन्हा बसली.