आतल्या बाजूची कडी

मी कडी बोलतेय. दाराच्या आतल्या बाजूची. हे मुद्दाम सांगते, कारण मी आधी जिथे होते, तिथे बाकी साऱ्या कड्या बाहेरून होत्या.

फाटकावर 'सुधारगृह' लिहिलं होतं. पोरांना कोंडल्यानं नेमकं काय सुधारतं, ते माझ्या लोखंडी डोक्यात अजून शिरलेलं नाही. खोलीतून निघायचं तर आतून टकटक करायची आणि हात मागे बांधून उभं राहायचं. कुणीतरी येऊन उघडायचं, तेही मनात आलं तर.

तिथल्या सुतारशाळेत, भिंतीपासून लांब, नुसत्या चौकटीत एक दार उभं होतं. शिकण्यापुरतं. त्या दाराला मला लंब्या नावाच्या पोरानं बसवलं, तेही तिरकं. "ही कडी आहे की तुझी मान?" मास्तर म्हणाले, पण मला काढलं नाही.

त्यांची पाठ वळली की पोरं त्या दारातून ये-जा करायची.

"जरा बाहेर जाऊन येतो."

"येताना दूध आण."

एकदा विषय निघाला, सुटल्यावर पहिलं काय करायचं. मला वाटलं, समुद्र म्हणतील, डोंगर म्हणतील. एक म्हणाला, "दिवा मी बंद करणार. मला झोप येईल तेव्हा." लंब्या म्हणाला, "आतून कडी लावून आंघोळ."

तो सुटला तेव्हा मास्तरांनी मला काढून त्याच्या हातावर ठेवलं. "तिरकी सवय लागलीय हिला. तूच ने."

त्याच्या ताईच्या घरी, मागच्या खोलीच्या दाराला त्यानं मला आतून लावलं. या वेळी सरळ. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर टकटक झाली. आतून. लंब्या हात मागे बांधून उभा होता.

"अरे, कडी तुझ्याकडे आहे," बाहेरून ताई म्हणाली.

"हो. तू ढकल ना जरा."

"ढकलून काय होतंय? आतून लावलीयेस, शहाण्या. चहा निवतोय."

ती तिथेच बसून राहिली. दार वाजवलं नाही, हाक मारली नाही. बऱ्याच वेळानं त्याची बोटं माझ्यावर आली. इतकी अलगद मी कधीच सरकले नव्हते.

"निवला ना चहा?"

"मग तापव. गॅसला तर कडीही नाही."

अजूनही एखाद्या सकाळी टकटक होते. म्हणून एवढंच मागते. असं कुणी तुमच्या घरी परतलं आणि दार आतून वाजलं, तर हसू नका, कीव करून धावूही नका. थांबा. त्याचा हात माझ्यापर्यंत पोचू द्या.