तक्रार काही नाही

शाळेनं पालकांसाठी छापलेली माहितीपुस्तिका अख्ख्या इमारतीत कुणी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली असेल, तर ती तिसऱ्या मजल्यावरच्या भट्टीवाल्यानं. बेकरीतली रात्रपाळी आटोपून सकाळी घरी आला की हातपाय धुऊन, डोळे मिटायच्या आधी तो ती उघडून बसे. मूल आजारी असल्यास साडेआठच्या आत कार्यालयात फोन करावा. शाळेच्या वेळात मुलांच्या मोबाइलवर फोन करू नये, तातडीचा निरोप कार्यालयात द्यावा. बूट काळे आणि साधे असावेत. डबा, छत्री, स्वेटर यांवर नाव घालावं. हरवलेल्या वस्तू जिन्याखालच्या कपाटात मिळतील. त्याची बायको हसायची. अहो, परीक्षा तुमची आहे की पोरीची, म्हणायची. तो म्हणायचा, गणित काही मला येत नाही, निदान नियम तरी पाठ असू देत.

बिचाऱ्यानं भक्तिभावानं वाचलेलं ते एकमेव पुस्तक. आणि त्यात सगळं होतं. पोरीनं जे विचारलं, तेवढंच नव्हतं.

पोरीला घरात ठकू म्हणत. पंधरा वर्षांची झाली तरी ठकूच. सक्तीची शाळा या वर्षी संपत होती. पुढच्या वर्गात जायचं तर पालकांच्या सहीची चिठ्ठी शुक्रवारपर्यंत द्यायची होती, आणि ठकूनं ती टेबलावर तशीच कोरी ठेवली होती. मी पुढं शिकत नाही म्हणाली. मावशीच्या शिवणाच्या कारखान्यात जाते. सुट्टीत ती तिथं बटणं लावायला गेली होती, तेव्हापासून हे डोक्यात होतं. आईनं समजावून पाहिलं, आवाज चढवून पाहिलं, शेवटी डोळ्यांना पदर लावून पाहिला. ती स्वतः हॉस्पिटलच्या धुलाईघरात दिवसभर चादरी उपसत होती. कमी शिकलं की मनगटाचं काय होतं, हे पोरीला मनगट पुढं करून दाखवलं. ठकू सगळं ऐकून घ्यायची. उलट उत्तर तिनं जन्मात दिलं नव्हतं. फक्त चिठ्ठी जागची हलत नव्हती.

मग एका संध्याकाळी, बाप कामावर निघताना, ती दाराशी येऊन उभी राहिली.

“बाबा, गुरुवारी पालकांची भेट आहे. तुम्ही जा.”

“जाणारच आहे. पान सात.”

“तिथं विचारा, मी कोण आहे ते. एका जणानं जरी माझ्याबद्दल एक वाक्य सांगितलं ना, फक्त माझंच असेल असं, तर मी शिकते. नाहीतर तुम्ही मला अडवायचं नाही.”

तो हसलाच. एक वाक्य? अगं, पोतंभर घेऊन येतो, म्हणाला. तीन वर्षं तिथं जातेस, एक वाक्य काय मागतेस. ती म्हणाली, तीन वर्षं जाते म्हणूनच. कारखान्यात पहिल्या दुपारीच सगळ्या जणींना ठाऊक झालं होतं की ही डावखुरी आहे आणि उन्हाकडे पाठ करून बसते. त्यांनी तिची खुर्ची फिरवून ठेवली. शाळेत कुणाला काही ठाऊक आहे का, तेवढं बघून या.

त्यानं बेकरीत सांगून ठेवलं, गुरुवारी तासभर उशीर होईल. मालक म्हणाला, पोरीनं काय दिवे लावलेत? हा म्हणाला, तेच बघायला चाललोय.

भेट शाळेच्या कसरतीच्या मोठ्या खोलीत होती. भिंतीला लागून टेबलं, प्रत्येक टेबलामागे एक शिक्षक आणि पुढ्यात पालकांसाठी मुलांच्याच मापाची खुर्ची. दर पाच मिनिटांनी शिपाई घंटा वाजवी आणि सगळे आईबाप एकदम उठून पुढच्या टेबलाकडे सरकत. कुणी हसत उठे, कुणी कानकोंडं होऊन. भट्टीवाल्याला तीन टेबलं मिळाली होती. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता, नखांतलं पीठ ब्रशनं काढलं होतं. मनात म्हणाला, देवा, एकच वाक्य. तुला काय जड आहे.

पहिले गणिताचे सर. त्यांनी बोट खाली नेत नेत ठकूचं नाव गाठलं आणि म्हणाले, मध्यम. नियमित. तक्रार काही नाही. एवढ्यावर त्यांचं झालं, अन् घंटेला अजून बराच वेळ होता. भट्टीवाल्यानं विचारलं की, तिचं काही खास, म्हणजे असं की, जे दुसऱ्या कुणाचं नाही? सर हसले. म्हणाले, अहो, या वर्गात तक्रार नसणं हेच खास. मागच्या टेबलावर बघा, त्या गृहस्थांचा दिवटा गेल्या महिन्यात पंख्याला लटकून झोके घेत होता. त्याच्याबद्दल मी तासभर बोलू शकतो.

भट्टीवाल्यानं मागं वळून पाहिलं. पंख्याला लटकणाऱ्याचा बाप मान खाली घालून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणाचा हेवा वाटला असेल, तर त्या माणसाचा.

घंटा झाली. दुसऱ्या टेबलावर भाषेच्या बाई होत्या, गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या. त्यानं मुलीचं नाव आणि वर्ग सांगायचा अवकाश, त्यांनी टाळीच वाजवली.

“तुम्ही तिचे बाबा होय? अहो, काय पोर आहे तुमची! परवा भर वर्गात मला म्हणाली, बाई, या धड्याचा शेवट लेखकानं घाबरून केलाय. घाबरून! मी रात्री घरी जाऊन धडा पुन्हा वाचला. खरंच होतं तिचं.”

भट्टीवाल्याचं अंग हलकं झालं. बाई बोलत होत्या आणि तो एकेक शब्द ओंजळीत घेतल्यासारखा ऐकत होता. ती कशी वाद घालते, हरली तरी कशी हसते, बाकीच्यांना कशी बोलतं करते. घरात तोंडातून शब्द न काढणारी आपली ठकू इथं असं बोलते! लेकरू दोन जागी दोन प्रकारचं असतं म्हणतात, ते खोटं नाही. त्याला वाटलं, उठून या बाईंच्या पाया पडावं. सापडलं. एक नव्हे, दहा वाक्यं सापडली.

“आणि बोलताना तो चष्मा असा बोटानं वर सरकवते ना,” बाई स्वतःच्या नाकावर बोट नेत म्हणाल्या, “मला इतकं गोड वाटतं.”

ठकूला चष्मा नव्हता.

बाई पुढं बोलतच होत्या. त्यांना सांगायला हवं होतं, ही ती नव्हे. पण सांगितलं असतं तर बाई ओशाळल्या असत्या, मग यादीत बोट फिरवलं असतं, आणि मग तेच तीन शब्द निघाले असते. ते तीन शब्द बाईंच्या तोंडून ऐकायची त्याच्यात ताकद नव्हती. दुसऱ्या कुणाच्या लेकीचं कौतुक तो घंटा होईपर्यंत मान डोलवत ऐकत राहिला. उठताना त्यानं हातही जोडले. त्या कौतुकाच्या खऱ्या धन्याला यातलं काही पोहोचणार नव्हतं, आणि ज्याला पोहोचलं त्याच्या ते कामाचं नव्हतं.

तिसऱ्या टेबलावर वर्गशिक्षिका. वयानं लहान, डोळ्यांखाली काळं, पेल्यातला चहा गार झालेला. त्याही यादीत नाव शोधू लागल्या, तेव्हा भट्टीवाल्याला राहवलं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. चिठ्ठीचं, शुक्रवारचं, मावशीच्या कारखान्याचं आणि त्या एका वाक्याचं. खोटं नको म्हणाला. पण बाई, तुम्हाला काही आठवतं का?

बाईंनी पेन खाली ठेवलं. खरं बोलायची हिंमत होती त्यांच्यात, हे त्यांच्या नावावर लिहून ठेवावं. म्हणाल्या, चेहरा डोळ्यांसमोर येतोय. खिडकीकडची रांग, शेवटून दुसरा बाक. पण त्यापुढं काही येत नाही. चार वर्गांची मुलं आहेत माझ्याकडे. जी ओरडतात ती आणि जी रडतात ती लक्षात राहतात. मधली सगळी हातातून निसटतात. मग एकदम पुढं सरकून म्हणाल्या,

“तुम्ही मला सांगा ना. ती कशी आहे? काय आवडतं, कशाला हसते, कशाची भीती वाटते? मी लिहून घेते. उद्यापासून मी तिच्याकडे बघीन. उद्या शाळा सुटायच्या आत तुमचं वाक्य तुम्हाला देते.”

आणि त्यांनी पेन पुन्हा उचललं.

बघा, देवानं दार उघडलं होतं. असं दार सगळ्यांना उघडत नाही. बापानं नुसतं बोलायचं होतं.

“चांगली आहे,” तो म्हणाला.

बाईंनी पेन कागदावर टेकवलं.

“शांत आहे. म्हणजे घरात कधी,” आणि पुढचे शब्द बाहेर पडतानाच त्याला ते ऐकू आले, “कधी तिची तक्रार नसते.”

तो खूप आत जाऊन शोधत होता. सकाळी तो जिना चढत असे तेव्हा ती उतरत असे. दप्तर भिंतीला घासू नये म्हणून ती आडवी होऊन वाट देई. तो उठे तेव्हा ती अभ्यासाला बसलेली असे, पाठमोरी. ती काय वाचते? माहीत नाही. मैत्रीण आहे? असावी. ती डावखुरी आहे, हेसुद्धा त्याला परवा दारात उभं असताना पहिल्यांदा कळलं होतं, पण तेव्हा तो कामावर निघायच्या घाईत होता. त्याला वाटलं निदान तेवढं सांगावं. पण ते कारखान्यातल्या बायकांचं होतं, त्याचं नव्हतं.

घंटा झाली. बाईंच्या कागदावर एकच शब्द होता, शांत. पुढच्या पालकांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

घरी ठकू एकटीच होती. आई पाळीवरून यायची होती. ठकूनं त्याचा डबा भरून ठेवला होता आणि ती टेबलाशी बसली होती, समोर चिठ्ठी. रस्त्यानं येताना त्यानं ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या टेबलावरचं कौतुक आणायचं, चष्मा तेवढा तिथंच सोडायचा. पोर शिकली तर या खोट्याचं पाप मी भोगीन, असं त्यानं देवाला सांगूनही टाकलं होतं.

तो म्हणाला, भाषेच्या बाई फार खूश आहेत तुझ्यावर. धड्याचा शेवट घाबरून केलाय असं तू म्हणालीस म्हणे.

ठकूनं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. रागानं नव्हे. आपण पडताना लहान मुलानं आपल्याला सावरायला हात पुढं केलेला बघावा, तसं.

“ती माझ्या पुढच्या बाकावर बसते,” ती म्हणाली. “चांगली आहे ती.”

मग त्यानं घाईनं वर्गशिक्षिकेचं सांगितलं. त्या उद्यापासून लक्ष देणार आहेत, त्यांनी शब्द दिलाय, तुझी माहिती त्यांनी स्वतः माझ्याकडून लिहून घेतली. ठकूनं मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, आणि ती आस होती, हे त्यालाही दिसलं.

“तुम्ही काय सांगितलंत?”

“शांत आहे म्हणालो.”

“आणि?”

ती थांबली. घाई नव्हती तिला. शाळेतलं कुणी नसेना का, घरातलं चाललं असतं. तिनं ती अट खरी कुणासाठी घातली होती, हे आत्ता या क्षणी बापाच्या ध्यानात आलं. एक वाक्य. ती एवढ्या जवळ बसली होती की हात लांबवला तर डोक्यावरून फिरला असता. त्याला तिची लहानपणची पुष्कळ वाक्यं येत होती. पावाच्या पिठाच्या गोळ्याला दोन मनुके लावून ती त्यांना डोळे म्हणायची, भट्टीचं दार उघडलं की त्याच्या पाठीमागे लपायची. पण ती लपणारी पोर कुठली, नि समोर बसली ती कुठली. त्या पोरीला तो ओळखत होता. हिला नाही.

“आणि अभ्यासू आहे,” तो म्हणाला.

ठकूनं मान हलवली. डबा उचलून त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, उशीर होईल तुम्हाला, मालक बोलतील. त्यानं विचारलं, कारखान्यात तुला काय आवडतं गं? उशिरानं का होईना, त्यानं विचारलं. ती म्हणाली, नंतर सांगते, बाबा. आवाजात राग नव्हता. तो डबा घेऊन निघाला.

शुक्रवारी वर्गशिक्षिकेकडून वाक्य आलं नाही आणि चिठ्ठीवर सही झाली नाही. बायकोनं तोंड फिरवलं, दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. शाळा संपल्यावर पहिल्याच सोमवारी सकाळी तो जिना चढत होता तेव्हा ठकू उतरत होती. दप्तर नव्हतं, त्यामुळे तिला आडवं व्हावं लागलं नाही. येते हं, म्हणाली आणि गेली. तो वर आला, हातपाय धुतले आणि पडून राहिला. झोप लागली नाही. दुपारी कधीतरी त्याला आठवलं की, नंतर सांगते म्हणाली होती. मग त्यानं हिशेब केला की ती यायची वेळ कोणती आणि आपली निघायची कोणती. दोन्ही जुळेनात, तेव्हा त्यानं कूस बदलली.