पहारीवरचं नाव

धोंडीरामनं पहार उचलून पुन्हा त्याच जागी मारली आणि या खेपेला माती ओली निघाली. त्यानं चिमूटभर माती बोटांत चोळून पाहिली. मार्च संपत आलेला, दुपारचा दीड वाजलेला, सोलापुरातलं ऊन डोकं फोडतंय आणि प्रभुलिंगच्या दारातली माती ओली! आता आणखी कसला पुरावा पाहिजे? धोंडीरामला आनंद झाला, खोटं कशाला सांगा.

गल्लीत चिटपाखरू नव्हतं. प्रभुलिंग बायकोला घेऊन सकाळच्या एसटीनं अक्कलकोटला बारशाला गेला होता. आज पाण्याचा दिवस, नळ चारला येणार, म्हणजे साडेतीनच्या आत तो परतणार हे नक्की. सोलापुरात माणूस जेवणावरून उठेल, पण पाण्याची वेळ चुकवणार नाही. तेवढ्यात काम उरकायचं होतं.

पाणी पाचव्या दिवशी, तेही दीड तास. त्यातही वर्षभर धोंडीरामच्या नळाला करंगळीएवढी धार. दोन हंडे आणि एक बादली भरेपर्यंत नळ सूं सूं करत मान टाकायचा. आणि समोर, वीस फुटांवर, प्रभुलिंगची गच्चीवरची टाकी भरून वाहायची. वर पुन्हा हा गृहस्थ गच्चीच्या कठड्यावर वाकून दर पाण्याला हसतमुखानं विचारणार, "पानी आलं का, नाना?" जखमेवर मीठ चोळायचं ते किती! धोंडीराम काही न बोलता दार लावून घ्यायचा. त्याचं मन म्हणायचं, चोर तो चोर, वर शिरजोर.

संशय होताच, त्याला पाय फुटले ते फेब्रुवारीत. पुतण्याच्या लग्नाला धोंडीराम चार दिवस वैरागला गेला होता. परत येऊन बघतो तर रस्त्याला आडवी चीर पाडून बुजवलेली, ती थेट प्रभुलिंगच्या भिंतीपर्यंत गेलेली. तिथून पिवळ्या रंगाचा लोखंडी पाइप वर चढून स्वयंपाकघरात घुसला होता. सोनाबाई म्हणाली, अहो, नळानं गॅस येतोय आता, त्यांनी घेतलाय, आपण मागनं बघू. धोंडीरामनं बायकोकडं असं पाहिलं की ती आत निघून गेली. मी नसतानाच बरा गॅस आला? आठ दिवस ओट्यावर बसून त्यानं त्या भिंतीकडं टक लावली आणि मनाशी पक्कं केलं, की गॅस हा नुसता देखावा आहे. त्याच चरात प्रभुलिंगनं पाण्याची दुसरी लाइन सरकवून घेतली आहे.

पुढच्या आठवड्यात गॅस कंपनीची शबाना नावाची बाई घरोघरी पिवळे कागद वाटत आली. जमिनीखालून लाइन गेलीय, आम्हाला फोन केल्याशिवाय कुणी खणू नका, वास आला तर या नंबरवर कळवा, असं ती दारोदार समजावून सांगत होती. तुमच्या घरात माणसं किती, असंही तिनं विचारलं. धोंडीरामनं कागद हातात घेतला नाही. खणू नका म्हणणाऱ्याला काहीतरी झाकायचं असतं, एवढं न कळायला तो काय कुकुलं बाळ होता? कागद सोनाबाईनं घेतला आणि भाताची शितं लावून स्वयंपाकघराच्या दारामागं चिकटवला.

तर आता धोंडीराम खणत होता. हातभर खाली गेल्यावर पिवळ्या प्लॅस्टिकची पट्टी लागली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत धोका, गॅस असं काहीबाही छापलं होतं. "भ्या दाखवतोय मला," असं पुटपुटत त्यानं ती ओढून काढली आणि बाजूला फेकली. आणखी वीतभर माती उकरली, पहार एकदा जोरात बसली आणि टोक कशाला तरी चाटून गेलं. त्यानं गुडघे टेकून हातानं माती सारली. अंगठ्याएवढा जाड पिवळा पाइप होता, आणि तो प्लॅस्टिकचा होता!

धोंडीराम चक्क हसला. भिंतीवरचा गॅसचा पाइप लोखंडी, तो तर सगळ्या गल्लीला दिसत होता. गॅस कधी प्लॅस्टिकमधून येतो काय? प्लॅस्टिक म्हणजे पाणी. वैरागच्या रानात आणि इथल्या गल्ल्यांत मिळून त्यानं स्वतःच्या हातानं असले शंभर पाइप जोडले असतील. सापडला लेकाचा.

पुढचा बेत तयार होता. प्लॅस्टिकच्या पाइपाला भोक पाडायची एक रीत आहे, ती वैरागकडच्या कुठल्याही माणसाला येते. सळई लालभडक तापवायची आणि टेकवायची, लोण्यात शिरल्यासारखी आत जाते. चारला पाणी सुटलं की भोकातून कारंजं उडेल आणि त्या वेळी पाणी सोडणारा चावीवाला आणि अख्खी गल्ली बोलावून दाखवायचं. पहार खड्ड्यातच उभी ठेवून तो घरात गेला.

सोनाबाई तांदूळ निवडत होती. शेगडीवर सळई बघून तिनं काय चाललंय म्हणून विचारलं. तुला काय करायचंय, असं म्हणून त्यानं तिला झटकलं. सळई लाल झाली. तिच्या दुसऱ्या टोकाला फडकं गुंडाळून तो उंबऱ्यापर्यंत गेला.

"थांबा," सोनाबाई मागून म्हणाली. "सिलिंडर बदलताना येतो तसला वास यायलाय."

"गटारीचा हाय."

"गटार आपल्या मागल्या अंगाला हाय की."

आता हिचंही त्या प्रभुलिंगशी संगनमत आहे काय, असं क्षणभर त्याच्या मनात आलं. मग समोरून वाऱ्याची झुळूक आली आणि वास थेट त्याच्या नाकात गेला. धोंडीराम उंबऱ्यातच खिळला. त्यानं खड्ड्याकडं पाहिलं, मग हातातल्या सळईकडं पाहिलं. आठ पावलं. फक्त आठ पावलं राहिली होती. तो कसाबसा मागं वळला आणि पिण्याच्या पाण्याच्या हंड्यात त्यानं सळई बुडवली. चर्र आवाज झाला आणि काळी राख पाण्यावर पसरली. सोनाबाईनं शेगडी बंद केली, सिलिंडरही बंद केला, दारामागचा कागद टरकावला आणि नवऱ्याचा हात धरून मागच्या दारानं बाहेर पडली.

कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी जाऊन त्यांनी फोन लावला. नंबर सोनाबाईनं वाचून दाखवला. पलीकडच्या मुलीनं पत्ता विचारला, घरातलं कुठलंही बटण दाबू नका, गाडी आत येऊ देऊ नका, माणसं लांब ठेवा, असं एकेक करून सांगितलं. शेवटी म्हणाली, "आपलं नाव?"

"नाव कशाला पायजे?" धोंडीराम म्हणाला आणि त्यानं फोन बंद केला.

पुढची वीस मिनिटं तो भर उन्हात गल्लीच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला. दोन स्कूटरवाल्यांशी त्याची बाचाबाची झाली. घराघरांतून माणसं मागच्या बाजूनं बाहेर आली. मग कंपनीची गाडी आली, तिच्यातून शबाना उतरली आणि अतीक नावाचा कारागीर उतरला. अतीकनं लाइन बंद केली, वास गेल्याची खात्री केली आणि खड्डा रुंद करून पाइप जोडायला घेतला. तेवढ्यात प्रभुलिंग आणि त्याची बायको बसव्वा धापा टाकत पोचले. बसव्वाच्या हातात बारशाच्या घुगऱ्यांची पिशवी होती.

अतीक कपाळ पुसत वर आला. जमिनीखालचा गॅसचा पाइप प्लॅस्टिकचाच असतो, त्याला पहार लागलीय, नशीब समजा, बारीक चीर आहे, असं त्यानं शबानाला सांगितलं. मग तो वाकून खड्ड्याच्या कडेची माती दाबू लागला.

"ही ओल मात्र पान्याची हाय," तो म्हणाला. "त्या समोरच्या घराचा नळ गंजून रस्त्याखाली फुटलाय. लई दिसांपासनं गळतोय."

समोरचं घर धोंडीरामचं. तो ओट्यावर बसला होता, तिथपर्यंत शब्द न् शब्द पोचला. वर्षभर त्याचं पाणी त्याच्याच दारासमोर मातीत चाललं होतं.

खड्डा रुंद करताना मातीच्या ढिगाऱ्याखाली गेलेली पहार अतीकनं उपसून वर काढली. कुणाची आहे म्हणून शबानानं विचारलं. प्रभुलिंगनं पहार हातात घेतली आणि अंगठ्यानं माती पुसली. धोंडीरामच्या बापाला सवय होती, हंड्यापासून पहारीपर्यंत घरातल्या प्रत्येक वस्तूवर नाव घालून घ्यायची. वैरागच्या लोहारानं ठोक्याठोक्यानं उमटवलेलं वाघमोडे हे नाव चाळीस वर्षांनंतरही स्वच्छ वाचता येत होतं. प्रभुलिंगनं ते वाचलं. एकवार ओट्याकडं पाहिलं. मग पहार फिरवून नावाची बाजू मुठीत धरली.

"माझी हाय," तो म्हणाला.

बसव्वा कानडीत त्याला काहीतरी ताडकन बोलली. त्यानं तिला हातानंच थांबवलं. शबानानं पिशवीतून कागद काढला. न कळवता खणणं हा गुन्हा आहे, तुमचा गॅस बंद करावा लागेल, पोलिसांतही कळवावं लागेल, असं ती सांगत होती. प्रभुलिंग मान हलवत होता आणि खिशात पेन चाचपत होता.

ह्यो असं का करतोय? धोंडीरामचं डोकं सवयीनं कामाला लागलं. काय डाव असेल याचा? उद्या काय मागणार? त्यानं एका बाजूनं विचार केला, दुसऱ्या बाजूनं केला. डाव काही सापडेना. प्रभुलिंग गुडघ्यावर कागद ठेवून वाकला, त्याच्या पांढऱ्या सदऱ्याला त्या पहारीची माती लागली होती. धोंडीरामला स्वतःची इतकी लाज वाटली की बसवेना.

तो उठून खाली आला.

"पहार माझी हाय. नाव बघा तिच्यावर. खनलं बी मीच."

"का खणलं, काका?" शबानानं विचारलं.

गल्ली कान देऊन उभी होती.

"ह्यो माझं पानी चोरतोय असं वाटलं मला."

कुणी हसलं नाही. प्रभुलिंगनं पेन खिशात ठेवलं.

"मी दर पान्याला इचारत होतो की, नाना," तो म्हणाला. "तुमी एकदाबी न्हाय म्हनला न्हाय."

धोंडीरामनं कागदासाठी हात पुढं केला. त्यानं शबानाच्या कागदावर सही केली, दंड होईल तो भरतो म्हणाला. चार वाजले, नळांना पाणी सुटलं आणि माणसं पांगली. बसव्वानं न विचारता आपल्या नळाची रबरी नळी रस्त्यापलीकडं ओढली आणि सोनाबाईनं घासून ठेवलेल्या हंड्यात सोडली.

प्रभुलिंगनं पहार पुढं केली.

"घ्या. सकाळी तुमचा नळ उकरायचाय, मी बी येतो. पन आदी फोन लावायचा."

धोंडीरामनं तिथंच फोन काढला. दुपारचाच नंबर, पलीकडं तीच मुलगी. उद्या पाण्याच्या नळासाठी खणायचं आहे, तुमचा माणूस पाठवा, असं त्यानं सांगितलं. तिनं पत्ता लिहून घेतला आणि नाव विचारलं.

"धोंडीराम वाघमोडे," तो म्हणाला. "दुपारी बी मीच फोन केलता."