थोरलीची स्क्रिप्ट

रुग्णालयाचा सर्व्हर अकरा वर्षं थोरली सांभाळत होती. सहा महिन्यांपूर्वी तिची धाकटी जाऊ त्याच विभागात कामाला लागली आणि थोरलीचं बिनसलं. घरी सासूबाईंचा मोबाईल अडला की धाकटी, इथे डॉक्टरांचा प्रिंटर अडला तरी “धाकट्या मॅडमना बोलवा.”

सोमवारी सकाळी नोंदणीची खिडकी ठप्प झाली. केसपेपर निघेना. पडद्यावर एकच ओळ: डिस्कवर जागा नाही. थोरलीने डिस्क तपासली, तर निम्मी रिकामी. तिने जागा करायला जुन्या लॉगच्या फायली उडवल्या, सर्व्हिस पुन्हा चालू केली. तीच ओळ. रांग जिन्यापर्यंत गेली.

धाकटी मागे येऊन उभी राहिली. “ताई, आयनोड बघितले का?”

थोरलीला चूक कळली. फाईल कितीही बारकी असो, सर्व्हरच्या लिनक्स प्रणालीत तिच्या नोंदीला एक आयनोड लागतो, आणि ते मोजकेच असतात. जागा होती, नोंदीचे रकाने संपले होते.

“तेच बघणार होते,” ती म्हणाली. ते खोटं होतं.

धाकटीने एका फोल्डरात लाखो रिकाम्या फायली शोधल्या आणि पुसल्या. वीस मिनिटांत खिडकी सुरू झाली.

विभागप्रमुख आले. “धाकट्या मॅडम, तुम्ही होतात म्हणून निभावलं. पण झालं कशामुळे?”

धाकटीच्या पडद्यावर एक स्क्रिप्ट, आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम, उघडी होती. दर केसपेपरला ती एक रिकामी फाईल बनवायची आणि कधीच पुसायची नाही. वर लिहिणारीचं नाव होतं, थोरलीचं. धाकटीने अलगद ती स्क्रिप्ट पडद्यावरून बंद केली.

“शोधतेय, सर.”

थोरलीला हायसं वाटायला हवं होतं. उलट तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हुशारी हिची, आता मनाचा मोठेपणाही हिचाच?

ती साहेबांच्या मागोमाग केबिनमध्ये गेली. “सर, माझ्या स्क्रिप्टमुळे झालं. फायली पुसायची ओळ घालायची राहिली होती.”

“बरं. आजच दुरुस्त करा,” म्हणत त्यांनी फोन उचलला.

ती जागेवर परतली तेव्हा धाकटीचा चेहरा उतरला होता. “कशाला सांगितलंत, ताई? मी सांभाळून घेतलं असतं.”

“म्हणूनच सांगितलं.”

धाकटीला काही कळलं नाही. थोरलीने खुर्ची ओढली, राहिलेली ओळ लिहिली, आणि बराच वेळ घुटमळून म्हणाली, “जरा नजर टाक गं.”

धाकटीने वाचलं. “बरोबर आहे.”

धाकटी गेल्यावर थोरलीने ती ओळ पुन्हा दोनदा तपासली.